एका नावाची जागा

दगड आला तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. कूम हेलिग गावाच्या चढावर चिखल असा माजला होता की सहा घोडे जुंपूनही गाडी दोनदा मागे घसरली. पुरुष कोळशाच्या खाणीत होते, म्हणून बायकांनीच चाकांमागे धोंडे सारले. गाडीवाला खालच्या खोऱ्यातला, तोंडाचा फाटका. चढभर त्याने घोड्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि चर्चचं फाटक दिसल्यावर टोपी काढून गप्प झाला. माणसापेक्षा हातभर उंच, निळसर करडा असा तो दगड आवारातल्या छपराखाली उतरवला, तेव्हा होपकिन प्रॉबर्ट पुढे आला. त्याने बोटाच्या पेराने चार ठिकाणी ठोकून पाहिलं.

"आवाज चांगला आहे," तो म्हणाला. "आत कुठं चीर नाही."

होपकिन गावातला एकुलता एक पाथरवट. वय सदुसष्ट. पन्नास वर्षं या आवारातली सगळी थडगी त्यानेच कोरली होती. गावात थट्टाच होती, की होपकिनशी भांडू नका, शेवटचा शब्द त्याचाच असतो.

ऑक्टोबरात वरच्या खाणीत सकाळी सातला स्फोट झाला आणि एक्केचाळीस माणसं गेली. चर्चच्या उत्तरेला एक लांब चर खणून त्यात सगळ्यांना ओळीने ठेवलं. त्या चरात एक्केचाळीस पेट्या होत्या. आता पाद्री पेन्रींनी होपकिनच्या हातात जी यादी दिली तिच्यात मात्र चाळीस नावं होती. एक्केचाळिसावा होपकिनचा मुलगा, इवॉर.

इवॉर खाणीत तपासनीस होता. बाकीची माणसं उतरायच्या आधी जाळीचा दिवा घेऊन तो एकटा खाली जायचा. ज्योत बारीक करून प्रत्येक गाळ्याच्या, म्हणजे कोळसा खणायच्या कप्प्याच्या, छताशी धरायची. ज्योतीवर निळी टोपी चढली की समजायचं, तिथे वायू साठलाय. गाळा साफ असला तर तिथल्या कामगाराच्या फावड्यावर खडूने तारीख आणि आपल्या नावाची दोन अक्षरं लिहायची. वायू असला तर त्या फावड्यावर फुलीही मारायची आणि ते वाटेत आडवं टाकायचं. आडव्या फावड्याच्या पलीकडे कोणी पाऊल टाकत नसे. त्या दिवशीचा कोळसा बुडाला म्हणून शिव्या देत का होईना, माणूस घरी परतत असे.

चौकशीत निघालं की स्फोट ल्यूइस बेडोच्या गाळ्यात झाला, आणि त्या वाटेत आडवं फावडं नव्हतं. फुली नव्हती, तारीख नव्हती, फावडंच नव्हतं. म्हणजे तपासनीस त्या गाळ्यापर्यंत गेलाच नाही, असा निकाल लागला. इवॉर स्वतः बाहेरच्या वाटेवर त्याच धुरात मेला होता, त्यामुळे त्याला विचारायची सोय नव्हती.

पाद्री पेन्री मऊ माणूस. काही ठरवायची वेळ आली की त्यांना घाम फुटे. त्यांनी सभा बोलावली आणि सांगितलं, की चाळीसही जणांच्या घरांची संमती असेल तर एक्केचाळिसावं नाव दगडावर येईल. एकाही घराचा नकार असला तर येणार नाही. कोणी नकार दिला नाही. दोन पोरं गमावलेला सायमन प्रॉसरसुद्धा नुसता टोपीची कड चाचपत बसला. आणि मग ल्यूइसची बायको, कॅट्रिन बेडो, उभी राहिली.

"माझ्या ल्यूइसच्या दगडावर त्या माणसाचं नाव नको," एवढंच बोलून ती खाली बसली.

कॅट्रिन म्हणजे होपकिनची शेजारीण. घरांच्या वरच्या ओळीतलं शेवटून दुसरं घर बेडोंचं, शेवटचं प्रॉबर्टांचं. मध्ये एक भिंत. या घरात शिंक आली तर त्या घरातून 'देव भलं करो' ऐकू यायचं, इतकी जवळीक. ऑक्टोबरापासून भिंतीपलीकडून फक्त घासण्याचा आवाज येई. कॅट्रिन फरशी घाशी, उंबरा घाशी, घासलेलं पुन्हा घाशी.

होपकिन हे काम नाकारणार असं सगळ्यांना वाटलं होतं. त्याने यादी घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "कधीपर्यंत हवंय?"

"फुलांच्या रविवारपर्यंत," पाद्री म्हणाले. ईस्टरच्या आधीच्या त्या रविवारी सगळं खोरं आपापल्या थडग्यांना चुना लावून फुलं घालतं. मध्ये सहा आठवडे होते.

घरी आल्यावर सून लाउरी, इवॉरची बायको, त्याच्यासमोर बटाटे आणि मटणाच्या रश्शाचं वाडगं आदळून म्हणाली, "कोरा! त्यांची नावं कोरा तुम्ही, आणि त्यांनी पंपावर माझी बादली पायानं सरकवायची. आज नेस्टला शाळेत कोणी बाकावर बसू दिलं नाही. दिवसभर उभी होती पोरगी."

नऊ वर्षांची नात नेस्ट मान खाली घालून रश्शात पाव बुडवत होती. "मला उभं राहायला आवडतं," ती म्हणाली.

"बघा! खोटं बोलायलाही शिकली," लाउरी म्हणाली आणि एप्रनच्या टोकाने नाक पुसत चुलीकडे वळली.

होपकिनने पावाचा तुकडा मोडला. त्याला सांगता आलं असतं की बाहेरचा पाथरवट बोलावला तर तो फळीवर रंगवल्यासारखी अक्षरं काढील. ते खरंही होतं. पण आतलं कारण वेगळं होतं. जोवर टाकी आपल्या हातात आहे तोवर दगड पुरा झालेला नाही, असं तो मनाशी धरून बसला होता. म्हाताऱ्याची आशा ही अशीच असते, तिला दात नसतात पण ती सोडत नाही.

मार्चभर पाऊस आणि गारा आलटूनपालटून पडल्या. होपकिन उजाडल्यावर छपराखाली जाई. आधी दोरी धरून ओळी आखल्या, मग खडूने अक्षरं काढली, दोन उभ्या रांगांत वीस-वीस नावं. घरांच्या क्रमाने नावं लावायची ही गावाची जुनी रीत. खालच्या ओळीतल्या पहिल्या घरापासून सुरुवात, आणि शेवट वरच्या ओळीत, ल्यूइस बेडोच्या नावावर. मग लाकडी मोगरी आणि टाकी. दिवसाला एक नाव, हात चालला तर दोन. दगडाची भुकटी छातीत बसे आणि संध्याकाळी तो खोकला की करडं पडे. थंडीने अंगठ्याला चीर गेली होती. लाउरी त्यावर हंसाची चरबी चोळून फडकं बांधी. तोंडाने बोले काहीही, पण बांधताना हात हलका असे.

नाव कोरून झालं की त्या घरातलं माणूस घरून पाणी घेऊन येई आणि नावावर ओती. अक्षरांतली भुकटी वाहून जाई, दगड ओला होऊन काळा पडे आणि नाव पहिल्यांदा नीट वाचता येई. याला नाव धुणं म्हणत. न धुतलेलं नाव दगडावर असून नसल्यासारखं, असं मानत. रोज कोणी ना कोणी येई. सायमन प्रॉसर आला तेव्हा त्याने दोन पोरांसाठी दोन वेगळे मग आणले होते.

"एकाच्यानं भागलं असतं," होपकिन म्हणाला.

"लहानपणी एका मगातून प्यायचे नाहीत," सायमन म्हणाला. "आता कशाला भांडण लावू?" त्याने पाणी ओतलं आणि जाताना न बघता म्हणाला, "हात अजून चांगला आहे तुझा, होपकिन." ऑक्टोबरानंतर तो होपकिनशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

एके दिवशी पाद्री पेन्री छत्री सांभाळत आले. मान तिरकी करून दगडाकडे पाहत राहिले.

"खाली जागा बरीच उरलीये, होपकिन."

"पाणी उतरायला लागते, पाद्रीसाहेब. नाहीतर जमिनीची ओल अक्षरांत चढते."

"वीतभर?"

"आपल्याकडे पाऊस जास्त."

पाद्रींनी त्याच्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, आणि पाऊस खरोखरच जास्त असल्याचं मान्य करून निघून गेले.

मार्च संपता संपता ल्यूइस बेडोचं नाव कोरून झालं. चाळिसावं. होपकिनने ते इतरांइतकंच मन लावून कोरलं. एक दोन ठिकाणी टाकी जोरात बसावी असं हाताला वाटलं, पण त्याने हात आवरला. रीतीप्रमाणे निरोप गेला. कॅट्रिन आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चार दिवस गेले आणि एकोणचाळीस काळ्या नावांखाली ते एक नाव भुकटीने पांढरं राहिलं.

पाचव्या दिवशी दुपारी, भुरभुर पावसात, ती आली. हातात पाण्याचं भांडं नव्हतं. जुन्या फ्लॅनेलच्या परकरात गुंडाळलेलं काहीतरी लांबट तिने पोटाशी धरलं होतं. ती छपराखाली आली, इकडेतिकडे पाहिलं आणि ते दगडाला टेकवून ठेवलं.

"होपकिनकाका, हे बघा," ती म्हणाली. "मला आता पेलवत नाही."

त्याने परकर उलगडला. आत फावडं होतं. पात्यावर धुळीचा थर, आणि थरावर खडूची फुली, पात्याच्या कडेपासून कडेपर्यंत. फुलीखाली स्फोटाच्या दिवसाची तारीख. तारखेखाली दोन अक्षरं.

ती अक्षरं कोणाची हे त्याला वाचायची गरज नव्हती. इवॉर पाच वर्षांचा असताना याच छपराखाली, फुटक्या पाटीच्या तुकड्यांवर, त्यानेच त्याला खडू धरायला शिकवलं होतं. पाथरवटाच्या पोरासारखीच तो अक्षरं काढी, खाली पाय देऊन, पोट गोल राखून. अंधारात, ओणव्याने, एका हातात दिवा धरूनही पोराने अक्षराचं पोट गोल राखलं होतं. होपकिनला फार आनंद झाला. तो दगडांच्या ढिगावर बसला आणि मोठ्याने रडला. कॅट्रिन उभी राहून पावसाकडे पाहत होती.

"कुठं होतं हे?" त्याने डोळे पुसून विचारलं.

"माझ्या भावानं आणलं. पहिल्या तुकडीत तोच उतरला होता ना, माणसं काढायला. गेलेल्याची अवजारं खाली ठेवत नाहीत, घरचं माणूस वर आणतं. त्याला हे वाटेत भिंतीकडेला पालथं पडलेलं दिसलं. दांड्यावर ल्यूइसची खूण ओळखली आणि कोटाखालून घरी घेऊन आला. उलटून पाहिलंच नाही त्यानं. महिन्याभरात तो अमेरिकेला गेला. मी घासायला घेतलं तेव्हा..." तिने पात्याकडे बोट केलं. "पालथं होतं म्हणून खडू राहिला. आडवं टाकलेलं कोणीतरी उचलून बाजूला फेकल्याशिवाय ते पालथं पडत नाही, काका."

"ल्यूइसनं."

"दुसरं कोण? त्याच्याच गाळ्याची वाट ती. सोमवारी फुली, मंगळवारी फुली. दोन दिवस घरी बसला होता. मीच त्याला म्हणाले, तुझा इवॉर भित्रा आहे, त्याला चहाच्या किटलीच्या वाफेतसुद्धा वायू दिसतो. हसला तो. बुधवारी गेला." तिने हाताची पाठ तोंडावर दाबून धरली. "तीन पोरं आहेत मला. तुमच्या नेस्टला शाळेत उभं करतात ते मी बघते. माझ्या तिघांना काय करतील? म्हणून बोलले त्या सभेत. नाव आलं असतं तर रोज बघावं लागलं असतं. आता नाव नाहीये, तर ती रिकामी जागा बघावी लागते. तुम्ही मुद्दाम ठेवलीत ना?"

"हो," होपकिन म्हणाला.

"घ्या हे. तुम्हाला काय करायचं ते करा."

होपकिनने फावड्याकडे पाहिलं. मग दगडाशेजारच्या फळीवर पडलेल्या आपल्या खडूच्या तुकड्यांकडे पाहिलं. डोक्यात विचार फिरायला थोडा वेळ लागला, म्हातारा गडी तो, पण फिरला तो सरळ फिरला. त्याने फावडं परकरात पुन्हा गुंडाळलं आणि तिच्या हातात दिलं.

"घेऊन जा, पोरी."

"काका?"

"हे माझ्या हातात दिसलं की लोक काय म्हणतील? पाथरवटाच्या घरात खडूला काय तोटा! पोराला अक्षरं यानंच शिकवली, यालाच ती काढता येतात. म्हाताऱ्यानं घरी बसून फुली मारली. माझ्या हातून हे खोटं ठरतं. तुझ्या हातून मात्र ठरणार नाही."

"आणि मी पुसून टाकलं तर?"

"तर पुसलं जाईल," तो म्हणाला. "गेलेल्याची अवजारं त्याच्या घरात राहतात. माझ्या घरची नाहीत ती."

ती गेली. त्याने हत्यारं आवरली आणि तो घरी गेला.

लाउरीला सांगितल्याशिवाय राहणं त्याला पाप वाटलं. चहा घेताना त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत असताना तिच्या हातातला कप कलंडला आणि चहा मांडीवर सांडला तरी तिला कळलं नाही.

"आणि तुम्ही परत दिलंत?" ती हळूच म्हणाली. मग हळू राहिली नाही. "परत दिलंत! ओल्या फडक्याचं काम आहे ते, बाबा! एक फडकं! आणि ती बाई दिवसरात्र काय करते? घासते! घासणाऱ्या बाईच्या हातात दिलंत तुम्ही!"

"मी ठेवलं असतं तर कोणी मानलं असतं?"

"नसतं मानलं! पण मी तरी पाहिलं असतं ना. त्याच्या हाताचं शेवटचं अक्षर. मी पाहिलं असतं, नेस्टनं पाहिलं असतं. तुम्ही एकट्यानं पाहिलंत आणि परत दिलंत."

होपकिनने कप खाली ठेवला. हे त्याला सुचलंच नव्हतं. त्या रागात लाउरी शेजारी गेली असती, पण उंबऱ्यापर्यंत जाऊन थांबली. भिंतीपलीकडून घासण्याचा आवाज येत होता. ती दाराची चौकट धरून तो आवाज ऐकत राहिली आणि मग दार लावून घेतलं. त्यानंतर आठ दिवस ती सासऱ्याशी बोलली नाही. ताट वाढी, अंगठ्याला चरबी लावी, पण शब्द नाही. रोज भिंतीपलीकडचं घासणं चाले, आणि रोज दोघंही तिकडे कान लावून जेवत.

फुलांच्या रविवारच्या आदल्या दिवशी आभाळ उघडलं. खाण दुपारी सुटली तसे पुरुष काळ्या तोंडांनीच आवारात आले. दोर, वाशे, पहारी लावून त्यांनी दगड चराच्या डोक्याशी उभा केला. होपकिनने ओळंबा धरला, दगड चारदा हलवायला लावला आणि पाचव्यांदा पुरे म्हणाला. बायका थडग्यांभोवती चुना फासत होत्या. टोपल्यांत डॅफोडिलं, प्रिमरोझं आणि ओल्या शेवाळाच्या जुड्या होत्या. लाउरी नेस्टला घेऊन भिंतीजवळ बाजूला उभी होती. त्यांना कोणी चुन्याचा कुंचला दिला नव्हता.

तेवढ्यात फाटक वाजलं. कॅट्रिन बेडो फावडं खांद्यावर टाकून आत आली. परकरात गुंडाळलेलं नव्हतं. वरच्या ओळीपासून चर्चपर्यंत ती ते तसंच, उघडं घेऊन आली होती. ती दगडासमोर आली आणि तिने फावडं खांद्यावरून काढून दोन्ही हातांनी छातीसमोर धरलं. फुली होती. तारीख होती. अक्षरं होती.

"हे ल्यूइसच्या वाटेत होतं," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण कुंचले थांबले होते. "इवॉरनं टाकलं होतं. ल्यूइसनं उचलून बाजूला केलं. माझ्या भावानं घरी आणलं आणि सहा महिने मी ते लपवलं. त्या दिवशी सभेत मी उठले ती याच्यापायी. आता काय म्हणायचं ते म्हणा."

सायमन प्रॉसर पुढे आला. त्याने वाकून खडूची अक्षरं पाहिली, फावड्याचा दांडा फिरवून ल्यूइसची खूण पाहिली. एका बाईने चुन्याची बादली तिथेच सोडली आणि ती घरी निघून गेली. त्या दिवशी ती परत आली नाही.

"माझी दोन पोरं," सायमन म्हणाला. त्याने हातातला दांडा सोडला. मग तो होपकिनकडे वळला. "बेडोचं नाव काढ. आत्ताच्या आत्ता काढ तिथून."

दोन चार आवाज त्याच्या बाजूने उठले. कॅट्रिन हलली नाही. लाउरीही हलली नाही.

होपकिन दगडाजवळ गेला. त्याने पांढऱ्या राहिलेल्या नावावर अंगठा ठेवला.

"काढता येत नाही, सायमन."

"का येत नाही? कोरता येतं, मग काढता का येत नाही?"

"एकच खरवडलं तर तिथं खड्डा पडतो. पुढं शंभर वर्षं जो येईल तो आधी तो खड्डा बघेल आणि विचारेल, इथं कोण होता. तुझ्या पोरांची नावं नंतर वाचेल, वाचलीच तर. आणि खड्डा नको असेल तर सगळा दगड त्या खोलीपर्यंत उतरवावा लागेल. म्हणजे चाळीसही नावं जाणार. तुझी दोन्ही." त्याने अंगठा उचलला. "मला नाव घालता येतं. काढायची विद्या मला कोणी शिकवली नाही."

सायमन दगडाकडे पाहत राहिला. आपल्या दोन नावांकडे, जी त्याने दोन मगांनी धुतली होती. वाऱ्याने कोणाची तरी फुलांची जुडी गवतावर लोळत गेली, ती उचलायलाही कोणी वाकलं नाही.

"खाली जागा आहे ना?" सायमनने शेवटी विचारलं.

"आहे."

"किती?"

"एका नावाची."

"पाणी उतरायला म्हणाला होतात," पाद्री पेन्री मागून म्हणाले.

"उतरेल की कसंबसं, पाद्रीसाहेब."

कोणीतरी नाकातून हसल्यासारखं केलं, कोणीतरी खोकलं. सायमनने टोपी काढली. "माझी हरकत नाही," तो म्हणाला, आणि मग इकडून तिकडून पुटपुटल्यासारखे आवाज आले, नाही, आमची नाही, आमचीपण नाही. पाद्रींनी ते मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

दगड उभा झाला होता, आणि जागा अगदी तळाशी. होपकिनला गवतावर पोतं टाकून पालथं पडावं लागलं. सदुसष्ट वर्षांचा माणूस, ओल्या जमिनीवर पोट टेकून, मान वाकडी करून, एका कोपरावर भार देऊन कोरत होता. दर दोन अक्षरांनंतर खोकल्याची उबळ येई, ती जाईपर्यंत तो कपाळ गवतावर टेकवून पडून राही आणि मग पुन्हा मोगरी उचली. अर्धी माणसं घरी गेली, अर्धी थांबली. सायमनने न बोलता आपला कोट काढून त्याच्या छातीखाली सरकवला. अक्षरांना खाली पाय दिले, पोटं गोल राखली. ऊन डोंगराच्या कडेला पोचलं तेव्हा इवॉर प्रॉबर्ट, वय एकतीस, एवढं कोरून झालं.

त्याला उठवायला दोघं लागले. उठल्यावर त्याने पाहिलं, तर लाउरी कॅट्रिनसमोर उभी होती. कॅट्रिनने फावडं पुढे केलं होतं आणि लाउरी खडूच्या अक्षरांकडे, हात न लावता, पाहत होती. नेस्टला तिने उचलून घेतलं होतं, एवढ्या मोठ्या पोरीला, नीट दिसावं म्हणून.

"हे तू ठेव," कॅट्रिन म्हणाली.

लाउरीने मान डोलावली आणि फावडं जपून, अक्षरं वर करून, भिंतीला टेकवून ठेवलं. मग ती पंपावर गेली. पंपावरच्या बायकांनी आपल्या बादल्या मागे घेतल्या आणि तिला पुढे जाऊ दिलं. भरलेली बादली घेऊन ती आली, गुडघ्यांवर बसली आणि ओंजळीओंजळीने तिने इवॉरचं नाव धुतलं. बोटाने प्रत्येक अक्षराच्या आतली भुकटी काढली. नेस्ट शेजारी बसून मोठ्याने वाचत होती, एकेक अक्षर, आणि शेवटी पूर्ण नाव.

आता दगडावर एकच नाव पांढरं होतं, इवॉरच्या बरोबर वर. लाउरी उठली. बादलीत तळाशी थोडं पाणी होतं. तिने कॅट्रिनकडे न पाहता बादली तिच्यापुढे धरली.

"घे," ती म्हणाली. "उरलंय."

कॅट्रिनने बादली दोन्ही हातांनी घेतली आणि एकदमच ओतली, कारण तिला हात स्थिर धरता येत नव्हते. ल्यूइस बेडोचं नाव काळं झालं. त्यातली करडी भुकटी ओघळून खाली इवॉरच्या नावात उतरली, म्हणून लाउरी पुन्हा पंपावर गेली.